एकच मालक, लेडी ड्रिव्हन

हेमावहिनी रिसबूड एका कॉलेजच्या ऑफिसात बत्तीस वर्षं प्रवेशअर्ज तपासत होत्या. खाडाखोड दिसली की अर्ज परत, आणि खिडकीत उभ्या असलेल्या माणसाकडे मान वर करून बघायचंही नाही. निवृत्त झाल्या तरी सवय गेली नाही. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त मी लिहितो, कारण मी सेक्रेटरी आहे आणि ते काम फुकट करायला दुसरं कोणी तयार नाही. वहिनी कमिटीवर आहेत, त्यांच्या सहीला कागद गेला की तीन ठिकाणी पेन्सिलीच्या खुणा होऊन परत येतो. त्या खुणा दर वेळी बरोबर असतात, याचाच जास्त त्रास होतो.

त्यांच्या नावावर एक फियाट होती. एकोणनव्वद सालची, पांढरी. नवी आली तेव्हा नारळ वहिनींनी फोडला, किल्ली त्यांच्या यजमानांनी, गोपाळकृष्ण रिसबुडांनी घेतली आणि ती छत्तीस वर्षं काही परत दिली नाही. वहिनींनी त्याच वर्षी क्लास लावून लायसन्स काढलं होतं. त्यांनी विषय काढला की रिसबूड म्हणायचे, "जरा ट्रॅफिक कमी होऊ दे." कोथरूडचा ट्रॅफिक कमी व्हायची वाट बघत बाई डाव्या सीटवर बसून राहिल्या. लायसन्सच्या नूतनीकरणाची तारीख मात्र त्यांनी एकदाही चुकवली नाही.

यंदा आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. दिवाळीआधी सगळ्यांनी बाहेर पडायचं, आणि रिसबुडांना मिळालेल्या भाड्याच्या घराला पार्किंग नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून, म्हणजे तीन वर्षं, गाडी तशीही जागची हलली नव्हती. विकायचं ठरलं. जाहिरात रिसबुडांनी स्वतः लिहिली आणि मोबाईलवर टाकण्याआधी मला वाचून दाखवली.

"व्हिंटेज सौंदर्य. एकच मालक, लेडी ड्रिव्हन. कायम सावलीत. रंग ओरिजिनल, सीट सोफ्यासारख्या. किरकोळ काम. फक्त दर्दी माणसासाठी."

जुन्या गाड्यांच्या जाहिराती मी नाटकाच्या जाहिरातींपेक्षा आवडीनं वाचतो, त्यामुळे ही भाषा मला येते. किरकोळ काम म्हणजे धक्का मारायला चार माणसं लागतात. कायम सावलीत म्हणजे आंब्याखाली, आणि टपावर चिकाचे डाग. दर्दी माणसासाठी म्हणजे शहाण्यानं येऊ नये. इथवर ठीक होतं. पण 'लेडी ड्रिव्हन' ऐकल्यावर मीसुद्धा चष्मा काढला.

"अहो, वहिनींनी ही गाडी कधी चालवलीय?"

"असंच लिहितात सगळे," रिसबूड म्हणाले. "बाई चालवते म्हटलं की लोकांना खात्री पटते, गाडी जपून वापरलीय."

बाई गाडी ठोकेल म्हणून छत्तीस वर्षं किल्ली न देणारा माणूस हे बोलत होता. मी त्यांना तिथेच अडवायला हवं होतं, हे आता कबूल करतो.

चार दिवसांनी हिंजवडीहून इंद्रजीत नावाच्या तरुणाचा फोन आला. त्याच्या घरच्या शेतावर आता काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि तो लग्नाच्या वरातींना जुन्या गाड्या भाड्यानं देतो. "बाईच चालवायच्या ना पण नक्की?" त्यानं विचारलं. रिसबुडांनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "हो, मी शेजारीच राहतो." त्या वाक्यात खोटं काही नव्हतं, 'हो' सोडलं तर.

तो आला. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या पोपटनं त्याआधी दोन दिवस खपून इंजिन चालू करून ठेवलं होतं. इंद्रजीतनं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॉनेटवर हात फिरवला आणि वहिनींना म्हणाला, "काकू, तुमीच एक चक्कर मारून दावा. तुमच्या हाताची सवय हाय तिला."

"मी ही गाडी कधीच चालवलेली नाही," वहिनी म्हणाल्या.

इंद्रजीतनं मोबाईलवरची जाहिरात पुढे धरली. वहिनींनी ती पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचली. रिसबूड आरसा पुसायला लागले, आरसा स्वच्छच होता. इंद्रजीत हसला. "ऱ्हाऊ द्या, मला चालंल. किरकोळ हाय. गाडी आवडली आपल्याला." त्यानं ट्रान्सफरचा फॉर्म काढून पेन पुढे केलं. मालक म्हणून सही वहिनींचीच लागत होती.

"तुम्हाला चालेल. मला चालत नाही," वहिनी म्हणाल्या. "खोट्या मजकुरावर मी सही करत नाही."

"अगं, फॉर्मवर तसं कुठे लिहिलंय?"

"जाहिरातीत लिहिलंय. तुम्ही लिहिलंय." आवाज अजिबात चढला नव्हता. "मला फार राग आलेला आहे, आणि तो आजचा नाही." मग त्या इंद्रजीतकडे वळल्या. "पंधरा दिवसांनी गाडी मी स्वतः चालवत तुमच्याकडे आणेन आणि तिथे सही करेन. नाही जमलं तर गाडी विकायची नाही. मग ती कुठे ठेवायची ते हे बघतील."

दुसऱ्या दिवसापासून पोपट सकाळी सहाला हजर. टेकडीकडच्या रस्त्यावर शिकवणी चालायची. या गाडीचा गिअर स्टीअरिंगला, क्लच दगडासारखा, आणि शिकणाऱ्या बाई सहासष्ट वर्षांच्या. पहिल्या आठवड्यात गाडी चढावर रोज बंद पडायची. मागचे हॉर्न वाजवायचे, वहिनी काच खाली करून त्यांना "थांबा" म्हणायच्या आणि लोक थांबायचे. एकदा आमच्या गेटाच्या खांबाला ओरखडा गेला. सेक्रेटरी म्हणून मी त्याची नोंद केली नाही. रिसबूड गॅलरीत झाडांना पाणी घालत उभे असायचे, इतकं की तुळस सडली. "नाही जमायचं तिला," हे त्यांनी मला पहिल्या दहा दिवसांत निदान सहा वेळा सांगितलं. अकराव्या दिवशी गाडी न अडखळता गेटातून आत आली, आणि त्यांनी ते सांगायचं बंद केलं.

ठरलेल्या रविवारी वहिनींनी गाडीतलं आपलं सामान काढून पिशवीत भरलं. छत्री, पुसायचं फडकं, आणि डाव्या सीटवर वर्षानुवर्षं असलेली टॉवेलची जाड घडी. पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीही मागे बसा. तुम्ही 'हो' म्हणाला होतात ना." मी बसलो. रिसबूड आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीच्या डाव्या सीटवर बसले.

वहिनींनी चाळीसच्या वर वेग नेला नाही आणि तिसाच्या खाली येऊ दिला नाही. चांदणी चौकात एका बसनं अंगावर येऊन पाहिलं, त्यांनी रस्ता सोडला नाही. रिसबूड मात्र सारखी चुळबुळ करत होते. घाबरलेत, असं मला वाटलं. बावधन मागे पडल्यावर ते म्हणाले, "इथे काहीतरी टोचतंय."

"स्प्रिंग आहे."

"कधीपासून?"

"अठ्ठ्याण्णव."

वहिनींनी गिअर बदलला. रिसबूड म्हणाले, "मग सांगायचंस."

"सांगितलं होतं. दोनदा. सीट उत्तम आहे म्हणालात."

टॉवेल माझ्या मांडीवरच्या पिशवीत होता. त्यांनी मागितला नाही आणि मीही दिला नाही.

इंद्रजीत दारातच उभा होता. गाडी आत आली, वहिनींनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून हातात घेतली. ओट्यावर फॉर्म ठेवला होता. त्यांनी चष्मा लावला आणि वाकून सगळे रकाने तपासायला सुरुवात केली. रिसबूड दाराला धरून हळूहळू उतरले, कमरेवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"जाहिरातीत आणखी एक चूक आहे," ते इंद्रजीतला म्हणाले. "डाव्या सीटची स्प्रिंग वर आलीय. सत्तावीस वर्षं."

"किरकोळ हाय काका. बदलून टाकू."

"किरकोळ नाही," रिसबूड म्हणाले.

वहिनींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग सही केली.