‘जीव घाबरा’ला हिरवं टोकन

“आई, उगाच घाबरताय तुम्ही. मशीनमध्ये नुसतं टेन्शन आलंय. चला घरी,” सून म्हणत होती. सासू खुर्चीचा हात घट्ट धरून बसली होती. डोक्यावर पंखा, एसी चालू, आणि बाईच्या कपाळावर घामाचे टिपूस. मी दुसऱ्याच पेशंटची फाइल घेऊन त्यांच्यासमोरून चालले होते. थांबले.

एकतीस वर्षं सिस्टर आहे मी. त्यातली पंचवीस मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात गेली, आता घाटकोपरच्या एका पॉलिक्लिनिकमध्ये सिस्टर इन-चार्ज आहे. असा घाम बघितला की माझं डोकं आधी हार्टकडे जातं. हात धरून बघितला, बर्फ.

“काय होतंय काकी?”

“जीव घाबरा होतोय गो. सकाळपासून. बसवत नाय, उठवत नाय.”

गावकरकाकी भटवाडीला राहतात. मूळच्या देवगडच्या, म्हणजे आमच्याकडच्याच. शुगर जुनी. आता हे नीट समजून घ्या. मराठी घरातली बाई ‘जीव घाबरा होतोय’ म्हणते तेव्हा तिला कशाची भीती वाटत नसते. श्वास पुरत नाही, आत धडधडतं, काहीतरी वाईट होतंय असं वाटतं, हे सगळं मिळून ते तीन शब्द. शुगरवाल्यांना हार्ट अटॅक आला तरी छातीत दुखेलच असं नाही, नसा बधिर झालेल्या असतात. म्हणून वॉर्डात हे शब्द कानावर पडले की आम्ही आधी कार्डिओग्रामचं मशीन ओढायचो, बाकीची चौकशी नंतर.

काकींच्या हातात हिरवं टोकन होतं.

हे टोकन काय, ते सांगते. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या दारात टॅबलेट बसवला होता. पेशंटनं समोर बसायचं, तो मराठीत गोड आवाजात विचारतो, काय त्रास होतोय. पेशंट बोलतो, मशीन त्याचं इंग्रजी करून डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर पाठवतं आणि टोकन देतं. लाल म्हणजे आत्ता बघा, पिवळं म्हणजे आज बघा, हिरवं म्हणजे सावकाश. आधी हे काम मी टेबलावर बसून करायचे. लोकांना मशीन आवडलं, खोटं कशाला बोलू? रांग गेली. म्हातारी माणसं तर त्याच्याशी गप्पा मारायची.

टोकनच्या पाठीमागे छापलेलं मी वाचलं. पेशंट घाबरलेली आहे. अँग्झायटी. काउन्सेलरची अपॉइंटमेंट, गुरुवार सकाळ.

गुरुवार! आणि त्या दिवशी सोमवार.

“अगं आई गं,” एवढंच माझ्या तोंडातून आलं. व्हीलचेअर ओढली, काकींना बसवलं आणि साने डॉक्टरांच्या केबिनचं दार न ठोकता उघडलं.

“सिस्टर, पेशंट आहे आत,” डॉक्टर म्हणाले. मग स्क्रीनकडे बघून, “आणि ही केस ग्रीन आहे ना?”

“ग्रीन गेलं खड्ड्यात! तुम्ही आधी बाई बघा!”

डॉक्टर उठले. माझा स्वभाव त्यांना माहीत आहे. कार्डिओग्रामचा कागद बाहेर आला आणि त्यांनी तो माझ्यासमोर धरला. रेषा जिथे खाली बसायला हवी तिथे वर चढून बसली होती. अटॅक चालू होता. आमच्या वेटिंग रूममध्ये, आमच्या एसीत, आमचं टोकन हातात धरून बाईला अटॅक चालू होता.

रक्त पातळ करणारी गोळी चघळायला दिली, अँब्युलन्स बोलावली, मोठ्या हॉस्पिटलला फोन करून ठेवला. सून अश्विनी दाराशी उभी. “मशीनमध्ये आलं होतं हो सिस्टर. मी त्यांना घाबरट म्हटलं.”

“तुझी काही चूक नाही. तू बस त्यांच्याबरोबर,” मी म्हटलं.

दुपारी तिचा फोन आला. अँजिओप्लास्टी झाली, काकी शुद्धीवर आहेत आणि चहा मागतायत. मी खुर्चीत बसून रडले. मग उठले, डोळे पुसले आणि आमचा मॅनेजर मयूर, त्याच्या केबिनमध्ये घुसले.

“काय डबडं आणून ठेवलंयस रे दारात? मराठीचा गंध नाही आणि माणसं तपासतंय! बाई मेली असती आज!”

मयूर तिशीचा, सभ्य मुलगा. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “सिस्टर, कंपनीनं शब्द आपल्याकडून तपासून घेतले होते.”

“कुठल्या शहाण्याने तपासले?”

त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवला. स्कॅन केलेला कागद. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ, शेवटी बरोबर-चूकची चौकट. जीव घाबरा होणे: भीती, अँग्झायटी. पुढे पेनानं बरोबरची खूण. तशाच खुणा वरपासून खालपर्यंत. आणि तळाला सही. माझी.

 मग सगळं आठवलं. मयूर जेवणाच्या वेळी कागद घेऊन आला होता. “सिस्टर, तुमचं मराठी चांगलं आहे, जरा बघून द्या ना.” आणि मी रुसलेली होते. माझं टेबल काढून तिथे हे मशीन येणार होतं. डबा उघडा, डाव्या हातानं कागद धरलेला. पहिले चार शब्द वाचले, पुढे टिक, टिक, टिक. म्हटलं, चालवा तुमचं मशीन, मला काय करायचंय.  

“याआधी हे शब्द कोणी बोललं असेल तर?” मी विचारलं.

मशीन सगळं साठवून ठेवतं. मयूरनं शोधलं. सात नावं निघाली. सातही हिरवी.

डॉक्टर, मयूर आणि मी, तिघांनी फोन वाटून घेतले. एकाला ॲसिडिटी होती, ठणठणीत होता. एक बारावीची मुलगी होती, ती खरोखरच परीक्षेला घाबरलेली. चौघांना कार्डिओग्रामला लगेच बोलावून घेतलं, त्यातल्या एका गृहस्थांना त्याच दिवशी ॲडमिट केलं. शेवटचं नाव एका आजींचं, माझ्या वाट्याला आलेलं. फोन मुलानं उचलला.

“आई गेली ना सिस्टर. गेल्या आठवड्यात. झोपेतच गेली.”



“वय झालं होतं हो,” तोच मला समजावू लागला. “पण तुमच्याकडून खूश होऊन आली होती. म्हणाली, मशीननं सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही.”

फोनवर मी काहीच सांगितलं नाही. धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आणि मी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं, माझ्या टिकसकट. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हार्टच होतं की आणखी काही, हे आता कोणालाच कळणार नाही. मुलानं आईच्या रिकाम्या पलंगाकडे बघितलं.

“म्हणजे आईनं बरोबर सांगितलं होतं,” तो म्हणाला.

“हो,” मी म्हटलं. “त्यांनी बरोबर सांगितलं होतं.”

क्लिनिकच्या मालकांना मी लेखी कळवलं, त्यांनी मेमो दिला, तो मी घेतला. ‘जीव घाबरा’ आता लाल आहे. टॅबलेटच्या शेजारी माझं टेबल परत आलं, टोकन माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय कोणी घरी जात नाही. पूर्ण यादी मी पुन्हा तपासली, एकेक शब्द मोठ्यानं वाचून. ‘पोटात गोळा येणे’पुढे ट्यूमर लिहिलं होतं. ‘अंग मोडून येणे’पुढे फ्रॅक्चर. त्यांच्यापुढेही माझी बरोबरची खूण होती.

मशीननं आपल्या मनाचं काही केलं नाही, मी बरोबर म्हटलं ते त्यानं बरोबर धरलं. आणि मी कोण? ऑपरेशनच्या फॉर्मवर सही घेताना वॉर्डात पंचवीस वर्षं पेशंटच्या नातेवाइकांना दटावत आलेली बाई: “आधी वाचा, मग सही करा.”