हवेचा वाटा

माझ्या नणंदेच्या सासऱ्यांइतकी हवेची बाजू घेणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल. आपण हवेला विसरून गेलेलो असतो. त्यांना, आमच्या काकांना, मात्र ती घरात मुकाट राबणाऱ्या माणसासारखी वाटते, ज्याच्या कामाचं कौतुक कोणी करत नाही. हयातभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, पण पडणाऱ्या वस्तूंच्या धड्यात 'हवेचा रोध नगण्य मानू' असं लिहून पुस्तकवाले मोकळे होतात, याचा राग काही निवृत्त झाला नाही. "नगण्य कोणाला म्हणता?" असं ते घरच्या माणसाचा अपमान झाल्यासारखं विचारतात. नणंदेच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना वरपिता म्हणून ते मांडवात उभे असतील असं आम्ही धरून चाललो होतो, तर हे हॉलच्या गॅलरीत चढून अक्षता आणि गुलाबाच्या पाकळ्या एकाच वेळी खाली सोडत होते. अक्षता टपटप नवरीच्या डोक्यावर पडल्या. पाकळ्या रमतगमत, हार घालून झाल्यावर पोचल्या. मग खाली येऊन माझ्या नवऱ्याला, म्हणजे मुलीच्या भावाला, ते म्हणाले, "पाहिलंत ना? पाकळीनं वाटेत जवळजवळ सगळी ऊर्जा हवेला देऊन टाकली. म्हणून ती कोणाला लागत नाही." माझा नवरा तेव्हा डोळे पुसत होता. त्याला वाटलं, व्याही बहिणीबद्दल काहीतरी सांगतायत, आणि तो आणखीच रडला.

त्यांचं घर कळव्याला, चौथ्या मजल्यावर, खाडीकडे तोंड करून. लिफ्ट नव्हती. खालच्या दाराची चावी वरून टाकायची पद्धत तशी सगळ्याच बिल्डिंगींत असते, पण काका ती रुमालाची चार टोकं बांधून, छत्री करून सोडत. "अहो, नुसती टाका की," काकू दर वेळी म्हणत. "नुसती टाकली तर गुरुत्वाकर्षणानं केलेलं सगळं काम चावी एकटीच घेऊन जाईल आणि खालच्याच्या टाळक्यात उतरवेल. हवेला तिचा वाटा द्यावा," हे काकांचं ठरलेलं उत्तर. वाटा घेऊन हवा चावीही घेऊन जाई, हा भाग वेगळा. पाहुणे खाली हात पसरून उभे, आणि चावी तळमजल्यावरच्या आजींच्या वाळवणात. या आजी मूळच्या तिथल्याच, बिल्डिंग उभी राहिली ती जमीन त्यांच्या घराण्याची. त्या रुमाल चिमटीत धरून वर बघत आणि म्हणत, "मास्तर, तुमचं इग्यान पुना माझे सुकटीवर परलं." काका वरून नम्रपणे माफी मागत आणि वारा कुठल्या दिशेचा होता तेही सांगत.

एका दुपारी मी त्यांच्याकडे कुळथाचं पीठ पोचवायला गेलेले. नणंद आणि तिचा नवरा कामावर होते. चहा पुढ्यात आला आणि बाहेर धाडकन आवाज झाला. दार उघडून बघतो तर दुसऱ्या मजल्याखालचा जिना कोसळलेला, नुसत्या सळया आणि धूळ. सुदैवानं जिन्यात कोणी नव्हतं, पण वरचे सगळे अडकलो. अग्निशमन दलाला फोन गेले. तेवढ्यात खालून आजींची सून हाका मारू लागली. त्यांचा फ्रीज बिघडला होता म्हणून आजींच्या इन्शुलिनची बाटली काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवली होती. ती एकच होती, आजींची वेळ टळत चालली होती, आणि जवळचं औषधाचं दुकान दुपारचं बंद होतं.

काकांचा चेहरा मी विसरणार नाही. माणूस घाबरला होता आणि त्याच वेळी आयुष्यभर ज्या परीक्षेची वाट पाहिली तिला बसल्यासारखा दिसत होता. साडीच्या पिशवीचं पातळ प्लॅस्टिक त्यांनी कापलं, दोरे बांधले, डुलू नये म्हणून मधोमध भोक पाडलं आणि आधी चाचणीसाठी टोमॅटो सोडला. छत्री सुंदर उघडली. टोमॅटो संथपणे निघाला आणि खाडीच्या वाऱ्याबरोबर तसाच संथपणे शेजारच्या पत्र्याच्या शेडवर जाऊन बसला. अगदी सुखरूप. "रचनेत चूक नाही," काका पुटपुटले.

काकूंनी कपड्यांची दोरी सोडली. बाटली नॅपकिनमध्ये गुंडाळून डब्यात ठेवली, डबा पिशवीत, आणि पिशवी वाऱ्यावर हेलकावू नये म्हणून खाली लोखंडी खल. खिडकीतून त्या दोरी सोडू लागल्या. मध्येच खलाच्या वजनानं दोरी सरकली, सरसर हातातून गेली; मी धरायला धावले तोवर काकूंनी मुठी आवळल्या होत्या. पिशवी आजींच्या सुनेच्या हातात अलगद उतरली.

खाली गलका झाला. काका मात्र काकूंसमोर येऊन उभे राहिले. "हात दाखव," म्हणाले. तळव्यांवर लाल वळ उठले होते. "हवेनं करायचं काम तू केलंस," ते म्हणाले, "सगळी उष्णता इथं साठली." आणि भर दुपारी, माझ्यासमोर, ते काकूंच्या तळव्यांवर फुंकर घालत बसले. संध्याकाळी आम्हाला शिडीवरून उतरवलं. आजी दारात चहा पीत बसल्या होत्या. काकांना बघून त्यांनी शेजारची खुर्ची पुढे सरकवली.

ती बिल्डिंग नंतर पाडली. नवी उभी राहीपर्यंत काका-काकू खडवलीला भाड्याच्या बैठ्या घरात राहतात. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा काका थकलेले वाटले, बोलणंही कमी झालंय. अंगणापलीकडे शेवरीचं झाड आहे, त्याच्या बोंडांतून कापूस सुटत होता. एक पुंजका आमच्यासमोर तरंगत खाली येत होता.

"याचा वेग आता वाढायचा नाही," काका हळूच म्हणाले. "जेवढा खाली येईल तेवढं सगळं हवेला देत येईल."

"मग त्याच्यापाशी उरेल काय?" काकूंनी विचारलं.

काकांनी हात पुढे करून पुंजका तळव्यावर झेलला.

"बी," ते म्हणाले.