ढेकरचा डावा काठ

ड्रेजर म्हणजे नदीतला गाळ उपसायचं यंत्र, पण हा शब्द आमच्या काठावर कुणाच्याच जिभेला मानवला नाही. आधी त्याचा 'डेजर' झाला, मग 'डेकर', आणि त्याच्या पाइपातून गाळ भसकन बाहेर पडताना जो आवाज येई तो ऐकल्यावर पुढचं नाव आपोआप ठरलं. यंत्र झालं ढेकर, आणि ते चालवणारा माणूसही ढेकरच. त्याच्या बायकोला आळीतल्या बाया ढेकरीण म्हणत. ती म्हणे, "म्हणा की. माझं माहेरचं नाव तर याहून वंगाळ होतं."

माणूस अंगानं दांडगा आणि मिशीनं त्याहून दांडगा. नदीच्या मध्यावर लोखंडी तराफा, त्यावर पत्र्याची केबिन. बुडाखाली पोत्याची घडी, हाताशी तेलकट दांडे, समोर खिळ्याला टांगलेला आरसा. आरसा मिशीसाठी. नदी गाळ आणून टाकी, हा उपसून काढी, नदी पुन्हा आणी. कुणी विचारलं की म्हणायचा, "ती दमत नाही, मी कंटाळत नाही. संसार म्हणजे तरी दुसरं काय असतंय?"

पण त्या साली नदीच्या पोटात वाळूचं बेट वाढलं आणि पाणी त्याला वळसा घालून आमच्या काठाला भिडायला लागलं. काठ कधी सांगून पडत नाही. नदी खालून माती चाटत राहते. वर गवत हिरवंगार, शेळी खुशाल चरतेय, आणि कुणी जेवायला बसलेलं असताना धबाक्! बाहेर येऊन बघावं तर कालची पायवाट पाण्यात आणि शेळी दावं ताणून बोंबलतेय.

अशानं नदी ढेकरच्या परसात आली. आणि परसात होता म्हातारीचा संडास.

ही म्हातारी म्हणजे ढेकरची आई. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. उकिडवं बसणं जमेना तेव्हा तिनं लेकाच्या मागं लागून लागून पांढरा शुभ्र कमोड आणवला. आमच्या काठावरचा पहिला आणि एकुलता एक. लाकडी चौकटीवर पत्रे ठोकून खोली झाली. जमीन ओलसर, म्हणून ढेकरनं खाली ड्रेजरच्या पाइपाची बाद झालेली तरंगती पिंपं घातली आणि त्यांवर फळ्या ठोकल्या. मैला पाइपानं लांबच्या खड्ड्यात. नदीकडं खिडकी. आत बसल्या बसल्या म्हातारीला नावेतनं कोण आलं, कोण गेलं सगळं दिसे. वर भलंमोठं कुलूप, किल्ली गळ्यात. सुनेला परवानगी आजारपणात, लेकाला तीही नाही.

"बांधलाय कुणी?" ढेकर म्हणे.

"जन्माला घातलंय कुणी?" म्हातारी म्हणे. विषय तिथंच संपे.

संडास आणि नदी यांच्यात दोन खाटा मावतील एवढीच जागा उरली, तेव्हा म्हातारीनं लेकाला समोर उभं केलं. "सगळ्या जगाचा गाळ उपसतोस. आईच्या बुडाखालची माती तेवढी राखता येत नाही तुला?"

ढेकर खात्याच्या साहेबाकडं गेला. साहेब तसा सरळ माणूस. त्यानं काठ फिरून पाहिला, मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी फोनवर हुकूम दिला. "बेट उपसायला घे. सगळा गाळ डाव्या काठाच्या पायथ्याला टाक."

"डावा म्हणजे आमचाच ना साहेब?"

"अरे, नदी जिकडं वाहते तिकडं तोंड कर. डाव्या हाताला येईल तो डावा. एवढी वर्षं नदीत आहेस ना?"

"मला शिकवता का साहेब," ढेकर हसला. "झोपेत सांगेन."

नडलं ते झोपेमुळंच. त्या दिवशी उशी सरकून त्याची मान अशी धरली की डावीकडं नाही, उजवीकडं नाही. यंत्राचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला, आणि खालच्या अंगाला मागं वळून बघायचं तर बैलासारखं अख्खं अंग फिरवावं लागे. धुकंही दाट, काठ म्हणजे दोन्हीकडं नुसत्या काळ्या रेघा. तेवढ्यात त्याची नजर आरशावर गेली. आरशात खालच्या अंगाला जाणारं जवळचं पाणी तेवढं नेमकं दिसत होतं! ढेकर स्वतःवरच खूश झाला. नदी वाहते तिकडं बघतोय, डावी बाजू ही, काठ हा. पाइप वळवला, दांडा ओढला, आणि डोळे मिटून मान चोळत बसला. गाळ भसाभसा पडू लागला.

पाठीमागचं आरशात बघितलं म्हणजे डावं ते बसल्या जागच्या डाव्या हाताचंच राहतं, तोंड मागं फिरवल्यावर येणारं डावं नव्हे, एवढं त्याच्या ध्यानात यायला धुकं विरावं लागलं. विरलं तेव्हा पल्याडच्या काठाला वाळूचा ढीग झाला होता. ढेकरिणीचं माहेर पल्याडचंच; ढिगावर पंचा खांद्याला टाकून त्याचा सासरा उभा, दोन्ही हात जोडून.

"जावईबापू! इतकं तर आमच्या पोरांनी केलं नाही आमच्यासाठी!"

ढेकरनं पुन्हा आरशात पाहिलं. आरशात फक्त मिशी दिसली, तीही पडलेली.

गावाला तर पर्वणीच. "बायकोचा शब्द म्हणजे नदीलाही मोडता येत नाही," न्हावी म्हणाला. ढेकरीण शपथा घेऊन थकली. "अहो, तुम्ही तरी सांगा ना, मी सांगितलं नव्हतं म्हणून!"

"कोण ऐकतंय," ढेकर म्हणाला. त्याला मान वळवून तिच्याकडं बघताही येईना.

ढिगानं वाईट ते केलंच. पल्याड अडलं तेवढं पाणी अल्याड सरकलं. दोन दिवस साहेबाच्या शिव्या खाण्यात आणि पाइप फिरवण्यात गेले, आणि पाइप नीट आपल्या काठाला लागतोय तोच परसातून सुनेची हाक आली, "आत्याबाई, मागं या! मागं या!"

नशीब, म्हातारी नुकतीच बाहेर पडून कुलूप लावत होती. किल्ली फिरली, ती चार पावलं सरकली, आणि काठ बसला. धबाक्. संडास पाण्यात गेला. बुडेल म्हणून सगळ्यांनी डोळे मिटले. पण खाली पिंपं होती. तो एकदा वाकला, सावरला आणि ताठ मानेनं नदीतून चालू लागला, खिडकीचा पडदा हलवत. केबिनसमोरून गेला तेव्हा ढेकर जागचा उठून उभा राहिला. आईचा संडास, बसून कसं बघायचं?

वळणावर पाण्यानं त्याला पल्याड ढकललं आणि तो ढेकरनंच घातलेल्या ढिगावर अलगद लागला. उभाच्या उभा. कुलूप शाबूत.

म्हातारी काठावरून ओरडली, "विहीणबाई! माझा आहे तो!"

विहिणीलाही गुडघे होते. ती पत्र्यावरून हात फिरवत म्हणाली, "असेल हो विहीणबाई! पण आता आमच्या दारात आलाय. घरी आलेल्याला हाकलायची आमची पद्धत नाही!"

"उघडून तर बघा!"

तिकडं सासऱ्यानं कुऱ्हाड आणली, तर विहीणच कडाडली, "अहो, दार फोडल्यावर आत बसणार कोण, तुम्ही?"

पेच असा बसला. संडास पल्याड, किल्ली अल्याड. ढेकर म्हणाला, "आई, दोर लावून ओढून आणतो."

"आणि ठेवशील कुठं? परस आहे का?" म्हातारी म्हणाली. "तू आधी काठ भर. आणि तो आरसा काढ."

त्यानं आरसा काढला. मान सुटली तसा आपल्या काठाच्या पायथ्याला गाळ पडू लागला, पोत्यांच्या रांगा लागल्या, घर वाचलं. पण परस उभं राहायला वर्ष तरी जाणार होतं, आणि गुडघे वर्षभर थांबत नसतात. सासऱ्यानं तिकडं ढिगामागं लांब नवा खड्डा खणून पाइप जोडला, आणि म्हातारी सकाळी नावेत बसून पल्याड जाऊ लागली. कुलूप उघडायची, आधी स्वतः जायची, मग विहिणीला जाऊ द्यायची, पुन्हा कुलूप लावून चहा पिऊन परत.

विहिणीनं दुसरी किल्ली मागून पाहिली. म्हातारी म्हणाली, "हरवते हो तुमच्याकडं."

आता परस भरून आलंय. ढेकरनं परवाही विचारलं, "आणू का गं परत?" म्हातारीनं पल्याड बोट दाखवलं. तिथं ढिगावर विहीण उभी होती, कपाळावर हात धरून, एकदा या पायावर आणि एकदा त्या पायावर, नाव कधी सुटतेय ते बघत.

"इतक्या ओढीनं माझी वाट आजवर कुणी बघितली नाही," म्हातारी म्हणाली आणि सावकाश चप्पल शोधायला लागली.