भुशाला अनुदान

ऐंशी सालच्या आसपास मी कर्जतला एका बँकेत फील्ड ऑफिसर होतो. लाकडाचा भुसा, ढलप्या असलं टाकाऊ इंधन वापरणाऱ्या धंद्यांना सरकारचं अनुदान आणि आमचं कर्ज, अशी एक योजना तेव्हा आली. त्यातून धंदे फार उभे राहिले असं नाही, पण जुने सहकारी भेटले की अजून विषय तोच निघतो.

पहिला अर्ज कशेळ्याच्या नामदेव पाटलांचा. त्यांची लाकूड कापायची गिरणी होती, आता भुशाच्या विटा पाडायच्या होत्या. आमचे मॅनेजर सबनीस साहेब. त्यांनी तारण विचारलं, तर पाटील आम्हाला गिरणीमागे घेऊन गेले. तिथे भुशाचा डोंगर. साहेबांनी कुतूहलानं त्यात हात खुपसला आणि झटकन बाहेर काढला.

"आतून धुमसतोय त्यो," पाटील शांतपणे म्हणाले. "पावसातबी इझला नाय."

साहेब हात झाडत म्हणाले, "म्हणजे आमचं तारण रोज थोडं थोडं जळतंय."

तरी कर्ज मंजूर केलं त्यांनी.

*

शेणात भुसा कालवून पाटलांनी विटा पाडल्या, वाळवल्या आणि पहिला टेंपो कर्जतच्या एका बेकरीला पाठवला. रस्ता सगळा खड्ड्यांचा. बेकरीवाल्यानं टेंपोचं फळकं पाडलं तर आत नुसता चुरा. त्यानं ड्रायव्हरकडे निरोप दिला, "भुसा पोचला म्हणावं. विटा मागाहून येतायत का?"

पुढे विटा घट्ट झाल्या. मग त्याच बेकरीत एक रिटायर्ड मास्तर पाव हुंगून सांगायला लागले, आज भट्टीत साग होता, काल आंबा. खरं-खोटं देव जाणे, पण महिनाभर मीही पाव हुंगूनच खाल्ला.

*

कशेळ्याच्या एसटी स्टँडजवळ शेवंताबाईंची खानावळ. त्यांना अनुदानातून भुशाची शेगडी मिळाली. शेगडीत मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासायचा आणि बाटली उपसायची, म्हणजे त्या भोकातून जाळ वर येतो. शेगडी सरकारनं दिली, बाटली नाही. बाई सरळ दारूच्या दुकानात गेल्या आणि रिकामी बाटली मागितली.

दुकानदार म्हणाला, "रिकामी कशी देऊ? आदी कुनीतरी प्यायला नको का?"

सरकारी कामाला हातभार म्हणून दुकानातली दोन गिऱ्हाइकं लगेच पुढे आली.

*

याच शेवंताबाईंकडे जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार होते. शेगडी टाकाऊ लाकडावर चालताना दिसली नाही तर अनुदान परत जाणार. आणि नेमकं पाटलांच्या गिरणीचं पातं तुटलेलं, मागचा डोंगर विटांत संपलेला, आठवडाभर नवा भुसा नाही. मी सकाळपासून कासावीस. सरपण आणून देऊ का म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "सरपन कशाला? त्ये टाकाऊ नाय. तुमी बसा."

साहेब आले तेव्हा शेगडी छान पेटलेली होती, वर भात रटरटत होता. साहेबांनी वाकून पाहिलं. आत फळीचे बारीक तुकडे.

"हे लाकूड कुठलं?"

"टाकाऊ हाय, साएब."

साहेब खूश झाले. खानावळीच्या दारावर लावलेल्या योजनेच्या बोर्डाखाली बाईंचा फोटो घ्यायचा म्हणून कॅमेरा काढून बाहेर गेले. बोर्ड लाकडीच होता, वर ठळक अक्षरांत साहेबांचं नाव. मीही मागोमाग गेलो.

दारावर नुसते दोन खिळे होते.

साहेबांनी खिळ्यांकडे पाहिलं. मग कॅमेरा पिशवीत घातला, आत येऊन पाटावर बसले आणि म्हणाले, "वाढा बाई, भूक लागलीय."