मावशीबरोबर लेणी बघताना

लेण्याच्या तोंडाशी पोचलं, की मावशी माझं मनगट घट्ट पकडायची आणि म्हणायची, "आदी हाळी दे गं. आत कोन हाय का, इचार."

मग आम्ही हसत हसत त्या रिकाम्या लेण्याला हाळी द्यायचो. आतून वटवाघळं फडफडली की मावशी दोन पावलं मागे. काहीच फडफडलं नाही तर तेही तिला बरं वाटायचं नाही. "येवढं गप कसं गं?" असं म्हणून ती आणखीच चिकटायची.

ही माझी सख्खी मावशी नव्हे. खालापुरात आमच्या समोरच्या दारात राहायची. शिवणकाम करायची, आळीतल्या बहुतेक बायकांच्या अंगावरचं पोलकं तिच्या मशीनवरचं. नवरा लवकर गेला, लेक लग्न होऊन बदलापूरला. भित्री म्हणजे किती असावी? पाल दिसली की ही पलंगावर. हायवे ओलांडताना डोळे मिटून माझा दंड धरणार. अशी माणसं तुमच्याही शेजारी असतील. पण अशा माणसाला लेणी आणि किल्ले बघायचं वेड असलेलं तुम्ही पाहिलंय का? मावशीला होतं.

पेठच्या किल्ल्यावर गेलो तेव्हा कातळात कोरलेला जिना बघून ती खालीच बसली. "जावा तुमी. मी चपला राखते." आम्ही खाली आलो तर हिचे प्रश्न संपेनात. तोफ केवढी, टाक्यातलं पाणी गार का, वर वारा ढकलतो का. घरी आल्यावर शेजारणींना तिनं त्या तोफेचं असं काही वर्णन केलं, की जणू ती वर चढवायला हीच होती! आम्ही आपल्या तोंडाला पदर लावून बसलो.

एकदा मी वैतागून विचारलं, "मावशी, इतकी घाबरतेस तर येतेस कशाला?"

"आपल्या लोकांची लेनी हायत बाय," ती म्हणाली. "कुनी जाऊन दिवा लावायला नको?"

बुद्धपौर्णिमेला कर्जतजवळच्या कोंढाण्याच्या लेण्यात जाऊन वंदना घ्यायची हा तिचा नेम होता. पांढरी साडी, पिशवीत मेणबत्त्या आणि अगरबत्त्या, बसायला एक पांढरी चादर. त्या वर्षी माझ्या आईनंही हट्ट धरला. गुडघे पुरते जायच्या आत एकदा लेणं बघायचंच. पायथ्याच्या कोंडिवडे गावापर्यंत रिक्षानं गेलो. पुढची रानातली वाट आईला बसवत, उठवत, पाणी पाजत कशीबशी काढली. पोचेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं आणि आधी आलेली मंडळी वंदना उरकून परत निघाली होती. लेण्यापाशी आम्ही तिघीच उरलो.

दर्शनी कमानीला आग्या मोहोळ लागलेलं होतं. ते दरवर्षीच असायचं, पण वर, उंच कातळाला. या वेळी पार खाली, कमानीच्या कडेला काळं लोंबत होतं. आम्ही तिघींनी ते बघितलं. तरी मावशीनं नेमाप्रमाणे हाळी द्यायला लावली ती आतल्या अंधाराला. तिची सगळी भीती आत बघत होती.

एरवी ती मोजक्याच अगरबत्त्या लावायची. त्या दिवशी म्हणाली, "वयनी पयल्यांदा आल्यात. आज आख्खा पुडा लावते."

आई खूश झाली. मीच काडी पेटवून दिली. वाऱ्याची झुळूक आली आणि धुराचा तो लोट सरळ कमानीकडे गेला.

आवाज आला तेव्हा मला वाटलं, खाली कुठे टेंपो चालू झाला. मग आई किंचाळली आणि तिनं दोन्ही हात केसांत घातले. मी तिला ओढायला लागले. पण तिला पळता येणार नव्हतं, आणि तिला टाकून मी पळणार नव्हते.

"पळू नको! बस खाली!" मावशी ओरडली. तिचा तसा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. तिनं आम्हा दोघींना खाली दाबलं, वरून चादर टाकली, कडा आमच्या गुडघ्यांखाली खोचल्या आणि वाऱ्याच्या बाजूची कड उडू नये म्हणून स्वतः तिच्यावर बसली.

"मावशी, आत ये!"

"वयनींना घट धर. मी आत आली तर समदंच उघडं पडंल."

चादरीवर माश्या आपटत होत्या. आईचं काळीज माझ्या छातीवर धडधडत होतं. एक माशी आत शिरून आईच्या मानेवर बसली होती, ती मी चिमटीत चिरडली. बाहेर मावशी पंचशील म्हणत होती. आवाज थरथरत होता, मध्येच तुटत होता, पुन्हा सुरू होत होता. मग तो थांबला.

मी हाका मारल्या. उत्तर नाही. आयुष्यात मी इतकी कधीच घाबरले नव्हते. चादर उचलावी तर आई जाईल, न उचलावी तर मावशी. कडेशी तिची टाच लागत होती, ती मी कापडावरूनच दाबली. बऱ्याच वेळानं बोटं जराशी हलली. मग मी ती टाच सोडलीच नाही.

वाटेवर करवंदं विकत बसलेली एक ठाकर बाई आणि तिचा नवरा आमच्या किंकाळ्या ऐकून आले. त्यांनी ओला पाला पेटवून दाट धूर केला, माश्या पांगवल्या, आणि मावशीला झोळीत घालून खाली उतरवलं. कर्जतच्या दवाखान्यात तिचा चेहरा आम्हाला ओळखू येत नव्हता.

मावशी वाचली. सूज उतरली, ती घरी आली, आणि शिवायला बसली. मशीनची मोटर घुमायला लागली तशी दोन्ही हातांनी डोकं झाकून ती जमिनीवर बसली. मोटर काढून टाकली, पायानं चालवून बघितलं. तरी आवाज तो आवाजच. बायकांची पोलकी अर्धी शिवलेली पडून राहिली. शेवटी लेक तिला बदलापूरला घेऊन गेली.

पुढच्या वैशाखात मी आणि आई तिला भेटायला गेलो. खोलीत अंगाची काहिली होत होती आणि पंखा बंद. "तिला घरघर सहन होत नाही," लेक हळूच म्हणाली. मावशीनं आईला जवळ बसवून घेतलं, तिची मान वळवून वळवून बघितली.

"दुकतंय का वो अजून?"

"नाय गं. काय नाय."

"माज्याच हातानं पेटवली मी, वयनी. तुमाला काय झालं असतं तर?"

हेच तिनं पुन्हा विचारलं, आणि पुन्हा. आई दर वेळी तितक्याच शांतपणे उत्तर देत पदरानं तिला वारा घालत राहिली. परत येताना गाडीत आई रडली. मीही.

भाद्रपदातल्या उकाड्यात मावशी गेली. लेकीचा फोन आईनंच घेतला. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "शेवटी तरी पंखा लावू दिला का गं तिनं?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. आईनं फोन ठेवला, भिंतीला धरून उठली, आमच्या घरातला पंखा बंद केला आणि घामानं निथळत तिथंच बसून राहिली.