न लागलेली नाडी

वेतुरिया सिस्टरना नोकरीवरून काढलं तेव्हा त्या एकोणपन्नास वर्षांच्या होत्या, आणि त्यांना काढायला लावणारा मी होतो. आपुसेनी डोंगरातल्या आमच्या गावात हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या तोंडून मात्र कुणी ऐकलेलं नाही.

मी इथल्या दवाखान्याचा डॉक्टर. आलो तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. सिस्टर त्याआधी सतरा वर्षं इथं होत्या. ठेंगण्या, काटक, जिभेला धार. नवरा जंगलात लाकूडतोडीत दगावलेला, मूलबाळ नाही. लग्नाआधी चार वर्षं त्यांनी शहरातल्या मुलांच्या वॉर्डात काढली होती. पिशवीत ताणकाटा घेऊन त्या वस्त्यावस्त्यांवर चढायच्या, झोळीत घालून तान्ह्यांची वजनं करायच्या आणि आयांना फैलावर घ्यायच्या. "एवढं गुंडाळलंयस पोराला! कोबी आहे का तो, खारवायला ठेवलेला?"

शहाण्णव सालचा ऑक्टोबर. इलिंका आणि रेमुसचं पहिलं मूल, युस्तिन, सात आठवड्यांचं होतं. सिस्टर त्यांच्या घरून आल्या त्या तडक माझ्या टेबलापाशी.

"डॉक्टरसाहेब, इलिंकाचं पोर पितं कसं ते बघायला या."

"पितं कसं म्हणजे?"

"चार घोट घेतं नि थांबतं. धापा टाकतं. या थंडीत कपाळावरून घाम निथळतोय. तान्हं पोर पिताना घामाघूम झालं तर ते पीत नसतं, डोंगर चढत असतं."

मी गेलो. छातीत घरघर होती. गावात खोकल्याची साथ होती, त्या आठवड्यात मी अशा अकरा छात्या ऐकल्या होत्या. ही बारावी. इंजेक्शनं लिहून दिली. सिस्टरनी ती मुकाट्यानं सहा दिवस टोचली.

सातव्या दिवशी इलिंका बाळाला दवाखान्यात घेऊन आली. वजन चारशे ग्रॅमनं वाढलेलं. मी खूश झालो. "बघा सिस्टर, बाळसं धरतंय."

"बाळसं नाही, पाणी आहे ते," सिस्टर म्हणाल्या. "पापण्या बघा कशा सुजल्यात. दूध पोटात जात नाही, मग वजन येईल कुठून? श्वास मिनिटाला बहात्तर. यकृत फासळीखाली तीन बोटं उतरलंय. आणि नाडी हातात टणटण उडतेय, जांघेत लागतच नाही. हृदय थकलंय पोराचं."

इलिंका समोर बसली होती. तिच्यादेखत हे ऐकून घेणं मला जड गेलं.

"सिस्टर, तुमचं काम वजन करायचं. हृदय ऐकायचं मला सहा वर्षं शिकवलंय."

"ऐकायचं शिकवलं असेल. बोट लावायचं राहिलेलं दिसतंय."

इलिंकाला हसू फुटलं. बिचारी घाबरून हसली असेल, पण मला ते झोंबलं. खरं तर जांघेत दोन बोटं टेकवायला कितीसा वेळ लागतो? पण बोटं टेकवली असती तर सिस्टरचं म्हणणं विचारात घेतल्यासारखं झालं असतं. मी टेकवली नाहीत. इंजेक्शनं बदलून दिली.

दुसऱ्या दिवशी मी जिल्ह्याला बैठकीला गेलो होतो. सिस्टरनी इस्पितळात पाठवायची चिठ्ठी लिहिली, माझ्या नावानं सही केली, माझा शिक्का मारला आणि दुधाच्या ट्रकमध्ये मायलेकरांना बसवून स्वतः सोबत क्लुजला, शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेल्या. माघारी येऊन त्यांनीच मला सांगितलं. लपवालपवी केली नाही. मी त्याच संध्याकाळी जिल्ह्याला तक्रार लिहिली: बनावट सही, शिक्क्याचा गैरवापर.

तक्रारीनंतर नवव्या दिवशी क्लुजच्या हृदयाच्या डॉक्टरचं पत्र आलं, माझ्या नावे. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी हातांकडच्या फांद्या सुटल्यावर लगेच आवळलेली होती, सुतळीनं करकचून बांधावी तशी. वर जोर, खाली थेंब थेंब. त्या अडथळ्याला ढकलून ढकलून हृदय फुगलं आणि ढिलं पडलं होतं. औषधांनी सावरून आवळलेला तुकडा कापला, टोकं शिवली. पोर जगलं, मात्र हृदयाला उशिराचा फटका बसला होता. शेवटी त्यानं लिहिलं होतं: "जांघेतली नाडी तुम्ही पाहिलीत, अभिनंदन. बहुतेक मुलं आमच्याकडे तीन-तीनदा खोकल्याची औषधं घेऊन येतात."

चौकशी दुसऱ्याच दिवशी होती. पत्र माझ्या कोटाच्या खिशात होतं.

"सही तुम्ही केलीत?" अध्यक्षांनी विचारलं.

"केली," सिस्टर म्हणाल्या.

"का?"

"डॉक्टर गावात नव्हते. पोराला थांबायला वेळ नव्हता."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "डॉक्टर, तुम्हाला काही सांगायचंय?"

मी म्हणालो, नियम तो नियम.

बाहेर जिन्यावर सिस्टरनी मला गाठलं. क्लुजच्या डॉक्टरनं इलिंकालाही सगळं सांगितलं होतं, मला पत्र धाडल्याचंही, आणि तिनं फोनवर सिस्टरना. "हात काढा खिशातून, डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या. "चुरगळेल ते."

दोन महिन्यांत त्या इटलीला गेल्या, फेराराजवळ एका लुळ्या म्हाताऱ्याची सेवा करायला. आमच्या बायका तिकडे जातातच. पण त्या कामासाठी जातात, सिस्टर गेल्या त्या कामावरून हाकलल्यामुळे.

इलिंका दर ईस्टरला मला कोंबडी आणून द्यायची. चौथ्या वर्षी मला राहवलं नाही. म्हटलं, "इलिंका, कोंबडी माझी नव्हे. तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे की," ती म्हणाली. "वेतुरियामावशींना मी पत्र लिहिते. कोंबडी तुम्हाला. पोराचं दुखणं जन्माचं, अन् गावात दुसरा डॉक्टर कुठंय?"

इटलीला गेल्यावर सात वर्षांनी सिस्टर भावाच्या मातीला आल्या. चर्चच्या फाटकापाशी काळ्या रुमालात उभ्या होत्या, हातात प्रसादाचे गोड गहू. मी जवळ जाऊन म्हणालो, "सिस्टर, मी तुमचा अपराधी आहे."

"ते मला कशाला सांगता? मी तर तिथंच होते. जिल्ह्याला सांगा, कागद त्यांच्याकडे आहे."

"सांगेन."

"कधी?"

त्यांनी गव्हाचा घास घेतला, चावून गिळला. मग विचारलं, "युस्तिनचा रक्तदाब हाताचाच घेता, की पायाचाही?"

"दोन्हीचा. फरक फार नाही. टेकडी चढताना दमतो, गोळ्या चालू आहेत."

"दम राहणारच. आठ दिवस आधी गेला असता तर कदाचित नसता राहिला." एवढं बोलून त्या भावजयीकडे वळल्या.

पुढच्या वर्षी त्या फेराराला वारल्या. तिथंच पुरलं.

मी जिल्ह्याला पत्र लिहिलं ते निवृत्त झाल्यावर, गेल्या वसंतात. सगळं लिहिलं, क्लुजचं पत्रही जोडलं. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. संबंधित कर्मचारी हयात नसल्यामुळे नोंदीत बदल करण्याची तरतूद नाही. माझी तब्येत उत्तम राहो, अशी त्यांची इच्छा आहे.