ट्रॉलीवरून केलेली खूण

स्वामीजींच्या जयंतीला, म्हणजे युवक दिनाला, आमच्या कॉलेजची फेरी निघायची. त्या वर्षी स्वामीजी मला केलं. कारण काय, तर मी उंच. बाकी माझ्यात अध्यात्माचा अंशही नव्हता. तोंड तर इतकं फाटकं की माय म्हणायची, हिला कोण करून घेणार. पण मुलींच्या कॉलेजात एवढी ताडमाड दुसरी कोण मिळणार? मॅडमनी मला भगवी कफनी चढवली, फेटा करकचून बांधला आणि दम दिला, "हाताची घडी सोडायची नाही. आणि तोंड तर अजिबात उघडायचं नाही."

दुष्काळाचं वर्ष होतं. फुलंब्रीकडची आमची विहीर दिवाळीतच आटली, म्हणून माय आमच्याकडं उस्मानपुऱ्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आली होती. भाऊ कंपनीत पाळीला जायचा, वहिनी ओली बाळंतीण. शहर चारी अंगांनी फुगत चाललेलं, जिकडं बघावं तिकडं नवी बिल्डिंग, आणि नळ मात्र कोरडे. आमच्या गल्लीत टँकर यायचा. कधी येईल ते त्या ड्रायव्हरलाच ठाऊक. त्या सकाळी ड्रममध्ये तळाचं पाणी उरलं होतं. बाळाची दुपटी धुवायची सुद्धा पंचाईत.

"तू जा बिनघोर," माय म्हणाली. "मी हंडे नंबराला लावते. तुझी फेरी आपल्या गल्लीवरूनच जाणार ना? बघंन मी."

फेरी निघाली. पुढं लेझीम, ढोल, मधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मी. कर्ण्यावर एक पाहुणे घसा ताणून सांगत होते की देशाचं भविष्य तरुणांच्या हातात आहे. माझे हात घडीत अवघडून गेले होते. फेट्याखाली खाज सुटलेली, ती सोसत उभी.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गर्दी झाली आणि ट्रॉली अडकली. माय रस्त्याच्या कडेलाच उभी होती. शेजारणीला कोपरानं ढोसून सांगत होती, ती बघ, ती माझी. इतकं खूश मी तिला विहीर आटल्यापासून पाहिलं नव्हतं. तिच्या मागं, गल्लीत, हंड्यांची रांग. आणि रांगेच्या पलीकडून टँकर आत येत होता.

ट्रॉलीवरून मला सगळं दिसत होतं. मायची तिकडं पाठ. ढोलात हॉर्न कुठला ऐकू येतो? ड्रायव्हरनं पुढचा रस्ता गच्च भरलेला पाहिला आणि थांबायचं सोडून रिव्हर्स टाकला. बायका आपापले हंडे उचलून त्याच्या मागं धावल्या. शेजारीण पण पळाली. आमचे दोन हंडे तेवढे जागेवर राहिले.

मी डोळे मोठे केले, हनुवटीनं खुणावलं. मायनं हसून हात हलवला.

"माय, टँकर, मागं बघ," मी ओरडले. कर्ण्यानं ते गिळून टाकलं. खालून मॅडम चवताळल्या, "ए, गप." मग मी घडी सोडली. उजवा हात लांब करून थेट टँकरकडं बोट केलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून नमस्कार केला. त्याच्याकडं बघून मायनं पण डोळे मिटले आणि हात जोडले. लई वेळ जोडून उभी राहिली. तिच्या मागं टँकर वळणाआड गेला आणि माझं बोट तसंच हवेत राहिलं. मला रडू फुटलं. पण रंगवलेल्या तोंडावर ते कुणाला दिसणार? तेवढ्यात ट्रॉली हलली.

दुपारी घरी आले तेव्हा माय ड्रम वाकडा करून वाटीनं पाणी काढत होती. मी तोंडही न पुसता तिच्यावर खेकसले, "मी टँकर दाखवत होते तुला. हात काय जोडत बसलीस?"

तिनं वाटीतलं पाणी हंड्यात ओतलं.

"मला काय ठाऊक. मला वाटलं, आशीर्वाद देतीयस समद्यांना. मग म्या बी मागून घेतलं."

"काय मागितलंस?"

"आणिक काय मागू? टँकर लवकर येऊ दे म्हणलं."